नायट्रोजनमुळे गाडीचे ॲव्हरेज वाढते का?

अमरावतीच्या एका गृहस्थांनी विचारले आहे. त्यांच्या पेट्रोल हॅचबॅकमध्ये मार्चमधील सर्व्हिसिंगच्या वेळी चारही चाकांत नायट्रोजन भरून देण्यात आला. त्याआधी गाडी लिटरला १५.२ किलोमीटर देत होती, नंतरच्या दोन टाक्यांत तिने १६.३ दिले. आता मे महिन्यात कुटुंबासह समृद्धी महामार्गाने पुण्याकडे यायचे आहे. वाटेत साधी हवा भरावी लागली तर हा फायदा जाईल का, आणि मुळात नायट्रोजनमुळे इंधन वाचते का, असे त्यांचे दोन प्रश्न आहेत.

उत्तर आधी देतो, कारणे मग. इंधन वाचते ते टायरमधील दाब योग्य असल्यामुळे. तो दाब नायट्रोजनचा आहे की साध्या हवेचा, याने इंधनाच्या खर्चात आपल्याला जाणवेल असा फरक पडत नाही. मी सव्वीस वर्षे टायर आणि व्हील अलाइनमेंटच्या कामात आहे. आमच्याकडेही नायट्रोजनचे यंत्र आहे आणि त्याचे पैसे आम्हीही घेतो, तेव्हा हे उत्तर माझ्याच गल्ल्याच्या विरोधात जाणारे आहे, हे ठाऊक असूनच लिहीत आहे.

टायर रस्त्यावर फिरतो तेव्हा त्याचा जो भाग जमिनीला टेकतो तो दबतो, आणि पुढे सरकल्यावर पुन्हा पूर्ववत होतो. दबताना रबर आणि आतले धागे जेवढी ऊर्जा घेतात तेवढी ते सुटताना परत देत नाहीत. राहिलेली ऊर्जा उष्णतेच्या रूपाने वाया जाते. म्हणूनच लांबच्या प्रवासानंतर टायरला हात लावला तर तो गरम लागतो, आणि ती उष्णता शेवटी आपल्या टाकीतल्या पेट्रोलमधूनच आलेली असते. दाब कमी असेल तर टायर जास्त दबतो आणि ही गळती वाढते. या साऱ्या व्यवहारात आतल्या वायूचे काम एखाद्या स्प्रिंगसारखे आहे, आणि वायूची स्प्रिंग जवळजवळ काहीच ऊर्जा खात नाही. खाते ते रबर. त्यामुळे ३३ पीएसआय (पीएसआय हे टायरमधील दाबाचे माप) नायट्रोजन आणि ३३ पीएसआय हवा यांवर टायर सारखाच दबतो आणि सारखाच फिरतो. अमेरिकेच्या नॅशनल हायवे ट्रॅफिक सेफ्टी ॲडमिनिस्ट्रेशन या सरकारी संस्थेने २००९ साली प्रयोगशाळेतील चाचण्यांचा अहवाल प्रसिद्ध केला, त्यातही फिरण्याच्या विरोधावर वायूचा थेट परिणाम आढळला नाही.

नायट्रोजन हलका असतो म्हणून गाडी हलकी होते, असेही मला काउंटरवर ऐकवले जाते. साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजनच असतो, २१ टक्के प्राणवायू आणि उरलेल्यात मुख्यतः अरगॉन. शुद्ध नायट्रोजन या मिश्रणापेक्षा जेमतेम तीन टक्क्यांनी हलका आहे. लहान गाडीच्या टायरची पोकळी साधारण ३० लिटर धरली, तर ३३ पीएसआयला तिच्यात ११५ ग्रॅमच्या आसपास हवा मावते. म्हणजे चारही चाकांत मिळून वाचतात ते पंधरा ग्रॅम. गाडीच्या किल्लीचे वजन याहून जास्त भरेल.

मग नायट्रोजनचा इंधनाशी काहीच संबंध नाही का? आहे, पण आडवळणाने, आणि तो नीट समजून घेण्याजोगा आहे. टायरचे रबर पूर्णपणे हवाबंद नसते. ट्यूबलेस टायरच्या आतल्या बाजूला ब्यूटिल जातीच्या रबराचा थर असतो. तो वायूला अडवतो, तरीही थोडा वायू रबरातून पाझरत राहतो, आणि प्राणवायू नायट्रोजनपेक्षा तीन ते चार पट वेगाने पाझरतो. त्यामुळे नायट्रोजन भरलेल्या टायरचा दाब हळू उतरतो, हे खरे आहे. किती हळू, हेही मोजलेले आहे. ‘कन्झ्युमर रिपोर्ट्स’ या अमेरिकी नियतकालिकाने टायरच्या ३१ मॉडेलांच्या जोड्या घेतल्या, प्रत्येक जोडीतील एका टायरमध्ये हवा आणि दुसऱ्यात नायट्रोजन ३० पीएसआयपर्यंत भरला आणि ते वर्षभर उघड्यावर ठेवून दिले. वर्षअखेरीस हवेच्या टायरांचा दाब सरासरी ३.५ पीएसआयने उतरला होता, नायट्रोजनच्या टायरांचा २.२ ने. फरक १.३ पीएसआयचा.

आता याचे पेट्रोल करू. अमेरिकेच्या ऊर्जा विभागाच्या इंधनबचतीच्या माहितीनुसार चारही टायरांचा सरासरी दाब एक पीएसआयने कमी झाला की ॲव्हरेज सुमारे ०.२ टक्क्याने घटते. समजा, दोन शेजाऱ्यांपैकी एकाने नायट्रोजन भरला, दुसऱ्याने हवा, आणि दोघांनीही वर्षभर टायरकडे ढुंकून पाहिले नाही. वर्षअखेरीस त्यांच्यात १.३ पीएसआयचे अंतर पडेल, म्हणजे वर्षाची सरासरी धरली तर ०.६५ चे, आणि त्याचा इंधनावरील परिणाम ०.१३ टक्का. वर्षाला १२,००० किलोमीटर आणि लिटरला १५ किलोमीटर या हिशेबाने ८०० लिटर पेट्रोल लागते, त्याच्या ०.१३ टक्का म्हणजे एक लिटर. वर्षभर दुर्लक्ष करणाऱ्या माणसाला नायट्रोजन एवढे मिळवून देतो. दुसऱ्या शेजाऱ्याने महिन्यातून एकदा हवा तपासली तर तो या लिटरासह पहिल्याच्याही पुढे निघून जातो, कारण पहिल्याचा नायट्रोजनही दरम्यान २.२ ने उतरलेला असतो.

उभ्या ठेवलेल्या टायरांचा हा हिशेब नायट्रोजनच्या बाजूने थोडा उदारच आहे. वर उल्लेखिलेल्या सरकारी अहवालात स्थिर टायरमधून नायट्रोजन हवेच्या सुमारे दोन तृतीयांश वेगाने उतरत होता, पण तेच टायर भार देऊन फिरत्या चाकावर चालवल्यावर दोघांचा उतरण्याचा वेग जवळजवळ सारखा निघाला. शिवाय आपल्या टायरमध्ये शुद्ध नायट्रोजन असतो हेही गृहीत धरू नये. दुकानातील यंत्राने ९५ टक्के शुद्धतेचा वायू दिला असे मानू. टायर मोकळा केला तरी त्यात बाहेरच्या दाबाएवढी हवा उरतेच, आणि तिच्यावर नायट्रोजन भरला की मिश्रण ९० टक्क्यांच्या आसपास येते. पुन्हा एकदा मोकळा करून भरला तर ९३ च्या वर जाईल. पण गर्दीच्या वेळी दुसऱ्यांदा मोकळा करणारा कारागीर मी फारसा पाहिलेला नाही. याची दुसरी बाजू गमतीची आहे. साध्या हवेच्या टायरमधून प्राणवायूच आधी निघून जातो, आपण वरून हवा भरत राहतो, पुन्हा प्राणवायूच जास्त जातो. त्यामुळे दोन-तीन वर्षे नियमित हवा भरलेल्या टायरमध्ये नायट्रोजनचे प्रमाण आपोआप वाढलेले असते, आणि त्याचे कोणी बिल लावत नाही.

आता आपल्या १५.२ आणि १६.३ कडे वळतो. ही वाढ सात टक्क्यांहून अधिक आहे. एका पीएसआयला ०.२ टक्का या दराने एवढी वाढ केवळ दाबाच्या खात्यावर टाकायची तर आधी टायरमध्ये ३६ पीएसआयची तूट असायला हवी होती, म्हणजे गाडी रिकाम्या टायरांवर चालत होती असे म्हणावे लागेल. फारच उतरलेल्या टायरमध्ये नुकसान या साध्या दरापेक्षा वेगाने वाढते, हे खरे. तरीही एवढे नाही. तेव्हा उरलेली वाढ दुसरीकडून आलेली आहे. सर्व्हिसिंगमध्ये ऑइल बदलले गेले असेल, अलाइनमेंट झाली असेल, आणि माझ्या अनुभवात ज्याकडे सर्वांत कमी लक्ष जाते ते म्हणजे घासत राहणारा एखादा ब्रेक साफ करून मोकळा झाला असेल. चाक हवेत उचलून हाताने फिरवले आणि ते अर्ध्या फेरीत थांबले, तर ॲव्हरेज कुठे जाते ते वेगळे सांगावे लागत नाही. नायट्रोजन भरताना कारागिराने दाब ३३ वर आणून ठेवला, हाही त्यातला एक वाटा. पण ते श्रेय दाब बरोबर करण्याचे आहे, आणि हवेने तो बरोबर केला असता तरी तेवढेच मिळाले असते.

मोजण्याच्या पद्धतीचाही विचार करावा. टाकी फुल्ल करून ॲव्हरेज काढताना पंपाचे नोझल एका वेळी थोडे आधी आपोआप बंद होते, एका वेळी थोडे नंतर. ३० लिटरच्या भरण्यात एका लिटरचा फरक पडला की उत्तर तीन टक्क्यांनी हलते. त्यात एक टाकी शहरातल्या सिग्नलांवर गेली आणि दुसरी गावाकडच्या मोकळ्या रस्त्यावर, तर दोन टाक्यांची तुलना करण्यात अर्थच उरत नाही. ०.१३ टक्क्याचा फरक या पद्धतीने दिसणे अशक्य आहे; ज्याला तो दिसतो त्याला दुसरेच काहीतरी दिसत असते.

नायट्रोजन तापत नाही, त्यामुळे उन्हाळ्यात दाब वाढत नाही, असाही एक समज पक्का बसला आहे. कोरडी हवा आणि नायट्रोजन तापमानाला अगदी सारखाच प्रतिसाद देतात. अमरावतीचेच उदाहरण घेऊ. मे महिन्याच्या दुपारी सावलीत ४२ अंश तापमान असताना आपण टायरमध्ये ३३ पीएसआय भरले. डिसेंबरच्या पहाटे तापमान १२ अंशांवर आले. मधल्या काळात टायरमधून वायूचा एक कणही निसटला नाही असे धरले, तरी त्या पहाटे गेज साडेअठ्ठावीस दाखवील. साडेचार पीएसआय केवळ ऋतूने नेले, आणि हा हिशेब दोन्ही वायूंना एकच लागू होतो. नायट्रोजनने वर्षभरात वाचवलेले १.३ याच्यासमोर ठेवून पाहावे.

तापमानाच्या बाबतीत खरा फरक पडतो तो पाण्यामुळे, आणि हा मुद्दा मला नायट्रोजनच्या बाजूचा सर्वांत प्रामाणिक मुद्दा वाटतो. कॉम्प्रेसर हवा दाबतो तेव्हा हवेतील बाष्पाचे पाणी होऊन टाकीच्या तळाशी साचते. टाकीखालचा कॉक रोज उघडून ते काढून टाकायचे असते. पावसाळ्यात आमच्या टाकीतून सकाळी तांबूस, गंजाळलेले पाणी निघते. आठवडाभर कॉक उघडलाच नाही तर तेच पाणी नळीवाटे गिऱ्हाइकाच्या टायरमध्ये जाते. अशा टायरच्या व्हॉल्व्हची पिन दाबून समोर तळहात धरला तर हातावर बारीक दव जमते. टायर ३० अंशांवरून ६० अंशांवर तापला तर कोरड्या वायूचा दाब जेवढा वाढायचा तेवढा वाढतोच, पण आत चमचाभर पाणी असेल तर त्याच्या वाफेचे आणखी दोन-सव्वादोन पीएसआय त्यात मिळतात. लोखंडी रिम आतून गंजते तीही या पाण्यामुळे. नायट्रोजनच्या यंत्रातून येणारा वायू कोरडा असतो, एवढा त्याचा गुण नक्की. मात्र तोच गुण कॉम्प्रेसरची टाकी रोज निथळणाऱ्या आणि नळीवर ड्रायर बसवलेल्या दुकानातील हवेतही असतो.

नायट्रोजनची ख्याती विमानांकडून आली, आणि तिथे ती योग्यच आहे. ३१ मार्च १९८६ रोजी मेक्सिकाना कंपनीचे बोइंग ७२७ विमान मेक्सिको सिटीहून निघाल्यावर कोसळले आणि त्यातील सर्व १६७ जण मृत्युमुखी पडले. चाकात नायट्रोजनऐवजी हवा भरलेली होती, ब्रेक अतिशय तापला होता, तापलेल्या रबरातून निघालेल्या वायूंचा प्राणवायूशी संयोग होऊन टायर फुटला. पुढच्याच वर्षी अमेरिकेच्या हवाई नियामकांनी ब्रेक असलेल्या चाकांत प्राणवायूचे प्रमाण पाच टक्क्यांच्या वर जाऊ नये असा आदेश काढला. आपल्या मोटारीच्या टायरमध्ये तशी उष्णता निर्माण होत नाही. जुलै २०१९ मध्ये नितीन गडकरी यांनी राज्यसभेत टायरमध्ये नायट्रोजन सक्तीचा करण्याचा विचार बोलून दाखवला, त्यानंतर आमच्याकडे विचारणा एकदम वाढली होती. पण ती चर्चा महामार्गावर फुटणाऱ्या टायरांविषयी होती, पेट्रोलविषयी नव्हती. लोकांनी दोन्ही गोष्टी एकाच पिशवीत घातल्या.

या साऱ्यात मला खरे नुकसान दिसते ते हिरव्या टोपीचे. नायट्रोजन भरला की व्हॉल्व्हवर हिरवी टोपी लावतात, आणि ती लागली की मालक निर्धास्त होतो. मागच्या हिवाळ्यात एक गाडी अलाइनमेंटसाठी आली. चारही टोप्या हिरव्या, आणि दाब २६, २४, २७ आणि १९. आठ महिन्यांपूर्वी नायट्रोजन भरला होता, तो उतरत नाही असे सांगितले होते, म्हणून त्यांनी पाहिलेच नव्हते. एकोणीसवाल्या टायरमध्ये खिळा होता आणि कडेचे रबर आतून खरवडून भुकटी झाले होते. तो टायर काढूनच टाकावा लागला. दुसरे एक गिऱ्हाईक दाब कमी आहे हे ठाऊक असूनही दहा दिवस तसेच फिरत होते, कारण त्यांच्या वाटेवर नायट्रोजनचा पंप नव्हता आणि हवा मिसळली तर बिघडेल अशी त्यांची समजूत होती. काहीही बिघडत नाही. आतमध्ये मूळचीच दहा टक्के ‘भेसळ’ असते, तीत थोडी वाढ होते, इतकेच.

त्यामुळे आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर असे, की समृद्धीवर दाब कमी वाटला तर पहिल्या मिळेल त्या पंपावर साधी हवा निःशंकपणे भरावी. मात्र पंपावरच्या यंत्राच्या आकड्यावर विसंबू नये. एका महामार्गावरील पंपावर मी स्वतः ३३ लावून चारही चाके भरून घेतली आणि पुढच्या थांब्यावर, थंड झाल्यावर, माझ्या गेजने पाहिले तर २९. माझा थांबा तासाभराचाच असल्याने त्यातले थोडे टायर निवल्यामुळे गेले असेल, पण घरी येऊन त्या गेजची दुकानातल्या मुख्य मीटरशी गाठ घातली तेव्हा चूक पंपाच्याच यंत्राची निघाली. चारशे-पाचशे रुपयांचे बरे गेज डॅशबोर्डच्या कप्प्यात असावे. नायट्रोजनचे चाकामागे कुठे तीस, कुठे पन्नास रुपये घेतात, ते दोन-तीन वेळा वाचले की त्याची किंमत निघते. गाडीत टायरच्या दाबाचा दिवा असेल तर तोही उशिरा बोलतो हे लक्षात असू द्यावे. अमेरिकी नियमात तो २५ टक्के दाब उतरल्यावर लागणे अपेक्षित आहे, म्हणजे ३३ च्या टायरला २५ च्याही खाली गेल्यावर.

निघण्याच्या दिवशी पहाटे, गाडी रात्रभर उभी असताना, दाब पाहावा. पाच माणसे आणि सामान असेल तर ड्रायव्हरच्या दारालगतच्या खांबावरील स्टिकरवर भरलेल्या गाडीसाठी दिलेला आकडा घ्यावा. तो रिकाम्या गाडीच्या आकड्याहून बहुधा जास्त असतो. दोन तास चालवल्यावर दुपारच्या उन्हात गेज ३८ दाखवील, तेव्हा घाबरून वायू सोडू नये. तापलेल्या टायरमधून पाच पीएसआय सोडले तर दुसऱ्या दिवशी सकाळी तो २८ वर सापडतो. आणि पेट्रोलचीच काळजी असेल तर वेगाकडे पाहावे. १०० वरून १२० वर गेल्यास हवेचा विरोध ४४ टक्क्यांनी वाढतो. त्या एका प्रवासात जेवढे पेट्रोल त्यापायी जाईल तेवढे नायट्रोजन कित्येक वर्षांत परत देणार नाही.

नायट्रोजन घेऊच नये असे माझे म्हणणे नाही. नव्या टायरबरोबर किंवा सर्व्हिसिंगमध्ये फुकट मिळत असेल तर अवश्य घ्यावा. परदेशी असलेल्या मुलाची गाडी सहा-सहा महिने वाड्यात उभी राहते, तिच्यासाठी पैसे देऊनही घ्यावा, कारण उभ्या टायरमध्येच त्याचा फायदा सर्वांत जास्त दिसतो. त्याच कारणाने मी माझ्या स्वतःच्या गाडीत एकाच चाकात तो भरतो, स्टेपनीत. आपल्या स्टेपनीचा दाब मार्चमध्ये कोणी पाहिला होता का, तेवढे मात्र निघण्यापूर्वी डिकी उघडून तपासून घ्यावे.